माझ्या कराच्या पैशाचं पुढे काय होतं?

प्रश्न असा आला आहे: "पगार हातात पडायच्या आधीच कर कापला जातो. उरलेल्यातून काहीही घ्यायला जावं तर त्यावर पुन्हा कर. मुलं खासगी शाळेत, आजारपण खासगी दवाखान्यात, पाणीसुद्धा घरी गाळून प्यायचं. मग हा कर नेमका कशासाठी? आणि घेतलाच, तर सरकारनं तो कशावर खर्च करावा?"

माझी जवळजवळ सगळी नोकरी सरकारी पैशाचा हिशेब बघण्यात गेली, आधी कोषागारात आणि मग लेखापरीक्षणात. त्यामुळे उत्तर जरा लांबेल, मधूनमधून जुना रागही डोकावेल. चालवून घ्या.

तुमचा राग मला पटतो, हिशेब पटत नाही. तुम्ही वहीच्या एका बाजूला भरलेला कर मांडलात आणि दुसऱ्या बाजूला सरकारकडून तुमच्या घरात काय आलं ते. कर ही किंमत असती तर ही मांडणी बरोबर होती. पण किंमतीसारखं जे असतं त्याला आम्ही शुल्क म्हणतो: पासपोर्टसाठी पैसे भरले, पासपोर्ट मिळाला. चूक केली म्हणून भरावा लागतो तो दंड. कराच्या बदल्यात थेट काही मिळत नाही आणि त्यामागे तुमची चूकही नसते. सक्तीनं घ्यायचं आणि बदल्यात त्या माणसाला नेमकं काही देणं लागायचं नाही, हीच कराची व्याख्या. ऐकायला उद्धट वाटते. तरी ती तशी का आहे, हे एका रोगाच्या गोष्टीवरून कळतं.

देवीचा रोग. १९६७ साली जागतिक आरोग्य संघटनेनं त्याच्या उच्चाटनाची मोहीम जोरात सुरू केली, नैसर्गिक संसर्गाचा शेवटचा रुग्ण १९७७ मध्ये सोमालियात सापडला, आणि १९८० मध्ये रोग पृथ्वीवरून गेल्याचं जाहीर झालं. या टप्प्याचा खर्च सगळा मिळून सुमारे ३० कोटी डॉलर, आणि त्याचा मोठा भाग ज्या त्या देशाच्या तिजोरीतून आलेला. आता विचार करा, "देवी नसलेलं जग" ही वस्तू कुणी दुकानदार विकू शकला असता का? एकदा रोग गेला की तो पैसे देणाऱ्याकडूनही गेला आणि न देणाऱ्याकडूनही. मग आधी पैसे कोण काढणार? जो तो शेजाऱ्याची वाट बघत बसेल. हा माणसाचा दुष्टपणा नव्हे, साधा व्यवहार आहे, आणि सक्ती येते ती या कोंडीवर उपाय म्हणून. तुमच्या दंडावर देवी टोचल्याचा वण नसेल, तर तो नसणं हीसुद्धा तुमच्या वहीतली जमेची बाजू आहे. ती तुम्ही लिहिली नव्हती, एवढंच.

यावर कुणीतरी हमखास दीपगृहाचा दाखला देतं. पूर्वी पाठ्यपुस्तकांत असायचं की दीपगृह सरकारनंच बांधावं लागतं, कारण त्याचा उजेड एका जहाजाला दाखवून दुसऱ्यापासून लपवता येत नाही. १९७४ साली अर्थशास्त्रज्ञ रोनाल्ड कोस यांनी दाखवून दिलं की इंग्लंडमध्ये कितीतरी दीपगृहं खासगी लोकांनी बांधली आणि चालवली होती. झालं, सरकार नकोच! पण जरा पुढे वाचावं. त्या खासगी मालकांना राजाची सनद होती आणि जहाजांकडून दीपशुल्क वसूल व्हायचं ते बंदरात, बऱ्याचदा जकातीच्या माणसांच्याच हातून. दिवा खासगी, वसुली सरकारी.

पैसा जमवणं हे कराचं एकच काम नाही, हेही सांगायला हवं. काही कर लोकांनी एखादी गोष्ट कमी करावी म्हणून लावलेले असतात. मेक्सिकोनं २०१४ पासून साखरेच्या पेयांवर लिटरमागे एक पेसो कर लावला आणि पहिल्याच वर्षी त्यांची खरेदी सरासरी सहा टक्क्यांच्या आसपास घटली. स्टॉकहोमनं २००६ मध्ये शहराच्या मध्यभागी येणाऱ्या गाड्यांवर आधी प्रयोग म्हणून कर लावला आणि त्या हद्दीवरची वाहतूक सुमारे एक पंचमांशानं कमी झाली. उत्तमच. पण अशा कराची एक गंमत तिजोरीत बसलेल्या माणसाला लगेच कळते: तो यशस्वी झाला की आटतो. तंबाखूवरच्या करातून परिचारिकांचे पगार द्यायचे ठरवलंत, तर लोकांनी विड्या ओढत राहाव्यात अशी मनोमन प्रार्थना करणारं सरकार तयार होतं. नियमित खर्च अशा करावर टांगू नये, हे मी किती बैठकांत बोललो असेन त्याची गणती नाही.

चुकीचा करही वागणूक बदलतोच. इंग्लंडात १६९६ ते १८५१ खिडक्यांवर कर होता. खिडक्या जास्त म्हणजे घर श्रीमंताचं, असा सोपा हिशेब. लोकांनी खिडक्या विटांनी चिणून टाकल्या. तिजोरीत पैसा नाही आणि घरात उजेड नाही.

शिवाय कायद्यात ज्याचं नाव लिहिलं आहे तोच कर सोसतो असंही नाही. अमेरिकेनं १९९१ पासून एक लाख डॉलरहून महाग नौकांवर किमतीच्या वरच्या भागापुरता दहा टक्के कर लावला, श्रीमंतांना चिमटा म्हणून. श्रीमंतांनी नौका घेणं पुढे ढकललं आणि नौका बांधणाऱ्या कारागिरांची कामं गेली. मंदीही होती, सगळा दोष कराचा नव्हता. तरी १९९३ मध्ये तो मागे घ्यावा लागला. तुमच्या प्रश्नातला खरेदीवरचा कर याच जातीचा आहे. भरतो दुकानदार, सोसता तुम्ही. आणि मिळकतीतला पै न् पै खर्च करणाऱ्या गरिबाला तो तुमच्यापेक्षा जास्त जड जातो, कारण त्याच्या उत्पन्नातला मोठा हिस्सा त्यात जातो. म्हणून त्याच्या जोडीला उत्पन्नावरचा चढत्या दराचा कर लागतो. तरीही एखादा कर न्याय्य आहे का हे नुसत्या दरावरून ठरवता येत नाही, असं माझं मत आहे. सरसकट दरानं घेतलेला पैसा चांगल्या प्राथमिक शाळांवर गेला तर एकूण व्यवहार गरिबाच्या बाजूचा होतो. श्रीमंतांकडून चढ्या दरानं घेतलेला पैसा त्यांच्याच वस्तीतल्या उड्डाणपुलावर गेला तर उलटा. अर्धी बाजू बघून निकाल देऊ नये.

"सरकारकडे नोटांचा छापखाना आहे, मग कर हवाच कशाला?" हाही प्रश्न सुशिक्षित माणसं मला विचारतात. नोटा छापून छापून जिथे पैशाला किंमतच उरली नाही, ते १९२३ चं जर्मनी आठवा. कर घेतला नाही म्हणून पैसा आकाशातून पडत नाही. छापलेला पैसा वस्तू मागायला लागतो, वस्तू तेवढ्याच असतात, भाव चढतात आणि ज्याची बचत रोखीत आहे तो लुटला जातो. तोही करच, फक्त कुठल्याही सभागृहानं मंजूर न केलेला.

सभागृह म्हणालो, त्यावर जरा थांबतो, कारण कराची जी बाजू मला सगळ्यात मोलाची वाटते ती इथे आहे. राजाला पैसा हवा असतो म्हणून त्याला लोकांना विचारावं लागतं. इंग्लंडात १२१५ च्या मॅग्ना कार्टा या सनदेत राजानं ठरावीक वसुली सल्ल्याशिवाय करू नये असं आलं. १६८९ मध्ये संसदेच्या मंजुरीविना पैसा गोळा करणं बेकायदा ठरलं. फ्रान्सच्या राजानं १७८९ साली पावणेदोनशे वर्षं न भरलेली प्रतिनिधींची सभा बोलावली, कारण तिजोरी रिकामी होती आणि खर्चाचा जवळजवळ निम्मा भाग कर्जफेडीत जात होता. पुढे काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. ब्रिटनचा प्राप्तिकर तर आणखी मजेशीर. १७९९ मध्ये फ्रान्सशी लढायला तात्पुरता म्हणून आणला, १८१६ मध्ये रद्द केला, १८४२ मध्ये पुन्हा तात्पुरता म्हणून आणला. अजूनही तो दर वर्षी ५ एप्रिलला संपतो आणि संसदेला नव्यानं मंजूर करावा लागतो. तात्पुरते कर कायमचे होतात हा एक धडा. दुसरा धडा म्हणजे दर वर्षी सरकारला लोकप्रतिनिधींसमोर हात पसरावे लागतात. ज्या देशात सरकारला जमिनीतून तेलाचा पैसा मिळतो आणि लोकांकडे मागावं लागत नाही, तिथे लोकांना जाब विचारणंही अवघड जातं. नॉर्वेनं हे वेळीच ओळखलं. १९९० मध्ये कायदा करून तेलाचा पैसा वेगळ्या निधीत टाकायचं ठरवलं, २००१ मध्ये त्यातून वर्षाला साधारण चार टक्केच खर्चायचा नियम केला आणि २०१७ मध्ये तो तीनवर आणला. तेल असूनही तिथले लोक भरपूर कर भरतात.

आता खर्चाकडे येतो. तुमचा खरा प्रश्न तोच आहे.

एकदा एका छोट्या सरकारी रुग्णालयाच्या तपासणीला गेलो होतो. इमारत नवीकोरी, कोनशिला चकचकीत. एक्स-रेच्या खोलीला कुलूप. किल्ली शोधण्यात अर्धा तास गेला. आत यंत्र, कारखान्यातून आलं तेव्हाचं प्लास्टिक अंगावर तसंच, त्यावर इतकी धूळ की कुणीतरी बोटानं त्यात तारीख लिहून ठेवलेली. देयक पूर्ण अदा झालेलं. साठा नोंदवहीत शेरा होता "यंत्र सुस्थितीत", आणि तो खोटा नव्हता. ते चालवायला तंत्रज्ञ नव्हता, कारण पद मंजूर नव्हतं. पद मंजूर नव्हतं, कारण यंत्र आलं भांडवली लेखाशीर्षातून, म्हणजे इमारती-यंत्रांच्या खात्यातून, आणि पगार जातो महसुली लेखाशीर्षातून, म्हणजे रोजच्या खर्चाच्या खात्यातून, आणि त्या वर्षी महसुली खर्चाला कात्री लावायचा आदेश होता. यंत्राची हमी दोन वर्षांची. मी पोचलो तेव्हा ती संपून चार महिने झाले होते. बाहेर बाकावर एक बाई बसली होती, शेजारी हात गळ्यात अडकवलेला तिचा मुलगा. त्यांना एक्स-रे बाहेरून काढून आणायला सांगितलं होतं.

त्या फाइलीत कुणीही एक पैसा खाल्ला नव्हता. मी फाइल दोनदा चाळली, खाल्ला असता तर काम सोपं झालं असतं. माझ्या नोकरीत मी पाहिलेला पुष्कळसा अपव्यय असाच होता, पूर्णपणे नियमात बसणारा.

म्हणून माझा क्रम असा आहे आणि तो बऱ्याच जणांना आवडत नाही. जे बांधलं आहे ते आधी चालू ठेवा, मग नवं बांधा. रस्त्याचा खरा शत्रू पाणी. कडेचं गटार आणि मोरी उपसलेली असली, भेगा वेळेवर बुजवल्या, तर रस्ता वर्षानुवर्षं टिकतो. पाणी एकदा खालच्या थरात उतरलं की वरून कितीही डांबर ओता, तो उखडून पुन्हाच करावा लागतो. हे प्रत्येक अभियंत्याला माहीत असतं. तरी तरतूद कापायची वेळ आली की पहिली कात्री देखभालीवर, कारण गटार वेळेवर उपसलं तर काहीच घडत नाही आणि "काहीच घडलं नाही" याचं श्रेय कुणाला मिळत नाही. नवा पूल मात्र दिसतो. भरीला "भांडवली खर्च म्हणजे विकास आणि महसुली खर्च म्हणजे उधळपट्टी" हे वाक्य अर्थविषयक भाषणांत इतकं घोटलं गेलं आहे की शिक्षकाचा पगार उधळपट्टीत आणि शिक्षकाविना शाळेची इमारत विकासात मोजली जाते. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवायचं तर निदान हलवाई जिवंत राहील एवढं तरी बघावं!

त्यात वर्षअखेरीची घाई. न खर्चलेली तरतूद वर्ष संपताच बुडते आणि पुढच्या वर्षी "तुम्हाला लागत नाही" म्हणून कमीही केली जाते. म्हणजे काटकसर करणाऱ्याला शिक्षा. शेवटच्या आठवड्यात देयकांचे गठ्ठे कसे येतात ते मी बघितलं आहे: एकाच शाईत, एकाच हातानं भरलेल्या मोजमाप पुस्तिका (झालेलं काम मोजून लिहायच्या वह्या), तारखा मात्र तीन महिन्यांच्या. हा रोग कुठल्या एका देशाचा नाही. अमेरिकेच्या संघीय खरेदीचा अभ्यास झाला तेव्हा वर्षाच्या शेवटच्या आठवड्यातली खरेदी इतर आठवड्यांच्या सरासरीच्या जवळपास पाचपट निघाली. थोडी तरतूद पुढच्या वर्षात नेऊ द्यावी, एवढा साधा उपाय आहे.

देखभालीनंतर काय? सरकारनं केल्याशिवाय होणारच नाही ते: न्यायालयं, साथरोगांवर नजर, जमिनीच्या नोंदी, हवामानाचा अंदाज, पूरनियंत्रण. यावर मतभेद फारसे नाहीत, म्हणून पुढे जातो. शाळा आणि प्राथमिक आरोग्य मी याच्या लगेच पाठोपाठ ठेवतो. खासगीत मिळतात हे खरं, पण ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याच्या मुलाचं न शिकणं पुढे तुम्हालाही महागात पडतं.

मतभेद होतात ते अनुदानांवर. स्वस्त इंधन गरिबांसाठी असतं असं सांगतात. पण इंधन जास्त कोण जाळतो? ज्याच्या दारात दोन गाड्या आहेत तो. स्वस्ताई लिटरमागे दिली की जास्त लिटर घेणाऱ्याला जास्त मिळते. इराणनं डिसेंबर २०१० मध्ये इंधनाचे दर एकदम वाढवले आणि त्याऐवजी लोकांच्या खात्यात रोख रक्कम टाकायला सुरुवात केली. दर वाढायच्या आधीच रक्कम खात्यात दिसत होती, म्हणून लोकांनी ते सोसलं. पुढे महागाईनं त्या रकमेची किंमत खाल्ली, म्हणजे हा उपायही रामबाण नव्हे. तरी वस्तू स्वस्त करण्यापेक्षा माणसाला पैसे देणं बहुतेक वेळा बरं, असं मी म्हणेन. फक्त जिथे ती वस्तू विकणारंच कुणी नाही, तिथे नुसते पैसे देऊन काय करणार?

"रस्त्याचा कर रस्त्यावरच खर्च करा" ही मागणी तुम्हीही कधीतरी केली असेल. माझा तिला विरोध आहे, निदान सरसकट तरी. अमेरिकेनं १९५६ मध्ये महामार्गांसाठी असाच वेगळा निधी काढला, इंधनकर थेट त्यात. छान चाललं. पण पेट्रोलवरचा तो संघीय कर १९९३ पासून गॅलनला १८.४ सेंटवरच अडकला, गाड्या कमी इंधनात जास्त पळू लागल्या आणि २००८ पासून त्या निधीला सर्वसाधारण तिजोरीतून पैसे पुरवावे लागत आहेत. उलटंही होतं: एका निधीत पैसा पडून कुजतो आणि शेजारच्या खात्यात औषधाला पैसे नसतात. राखीव निधीनं लोकांचा विश्वास बसतो, हे मान्य. पण प्रत्येक कराला स्वतःचं डबकं दिलं की अंदाजपत्रकात ठरवायला उरतं काय?

आणि गळती. युगांडात १९९१ ते १९९५ या काळात केंद्र सरकार प्राथमिक शाळांना दर विद्यार्थ्यामागे अनुदान पाठवत होतं. कागदावर सगळं पोचत होतं. अभ्यासकांनी थेट शाळांत जाऊन विचारलं तेव्हा कळलं की सरासरी १३ टक्केच पोचतं, बाकीचं मधल्या कार्यालयांत जिरतं. मग सरकारनं कुठल्या जिल्ह्याला किती रक्कम कधी पाठवली हे वर्तमानपत्रांत छापायला सुरुवात केली आणि शाळेच्या दारावरही लावायला सांगितलं. २००१ पर्यंत पोचणारा हिस्सा ८० टक्क्यांवर गेला. श्रेय एकट्या जाहिरातीचं की इतर सुधारणांचंही, यावर नंतर वाद झाले. मला त्यातलं एवढंच महत्त्वाचं वाटतं की मोजणी पैसा सुटला त्या टेबलावर न करता पोचायचा होता त्या दारात केली गेली. आमचं लेखापरीक्षणही पुष्कळदा पहिल्याच टेबलापाशी थांबतं, ही माझ्या खात्याची कबुली समजा.

कराचा योग्य दर किती, असं विचारलंत तर आकडा देणार नाही. फ्रान्स, डेन्मार्क राष्ट्रीय उत्पन्नाच्या चाळीस टक्क्यांहून जास्त गोळा करतात, श्रीमंत देशांची सरासरी ३४ च्या आसपास आहे, आणि कित्येक देशांना पंधराही जमत नाहीत. कर्जाचंही तसंच. तीस वर्षं वापरायच्या धरणासाठी काढलं तर ठीक, कारण वापरणारेही फेडतील. चालू पगारासाठी वर्षानुवर्षं काढलं तर घर बुडतं.

तुम्ही एकटे काय करू शकता, तर अंदाजपत्रक आलं की भाषण सोडा आणि एकच बाब उघडा, तुमच्या जवळच्या शाळेची किंवा दवाखान्याची. तिथल्या रकान्यांपैकी हे तीन शोधा: या वर्षीचा अंदाज, गेल्या वर्षीचा सुधारित अंदाज, आणि त्याआधीच्या वर्षीचा प्रत्यक्ष खर्च. बातम्या पहिल्या रकान्याच्या होतात. तुम्ही तिसरा बघा, आणि त्या वर्षी अंदाज काय होता ते जुन्या कागदात शोधून शेजारी लिहा. मग इमारतीचा आकडा आणि पगाराचा आकडा एकाखाली एक मांडा. कुलूपबंद खोल्या तिथेच दिसतात.

त्या एक्स-रे यंत्राचं सांगायचं राहिलं. आमचा आक्षेप अहवालात छापला गेला, सभागृहात त्यावर प्रश्न आला आणि दोन वर्षांनी तंत्रज्ञाचं पद मंजूर झालं. तोवर पडून पडून यंत्राची नळी गेली होती. हमी संपलेली, म्हणून नवी नळी पूर्ण किमतीला घ्यावी लागली आणि तिचं देयक पुढच्या तपासणीत माझ्याच समोर आलं. टाळता येण्याजोगा खर्च म्हणून आक्षेप घ्यावा का, यावर मी आणि माझा सहकारी बराच वेळ बोललो. शेवटी घेतला नाही. यंत्र चालू होतं, बाहेर रांग होती.